फळीवरचं गिऱ्हाईक

पोराचे केस डोळ्यांत जायला लागले, तसा घरात जो तो तिच्यामागे लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या झिंज्यांतून त्याला आपण दिसतो तरी का?" नवरा म्हणाला, "कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये मुलांसाठी मोटारीच्या आकाराची खुर्ची आहे. पोरं स्टिअरिंग फिरवत बसतात, तोवर काम उरकतं." बागेतल्या एका आजींनी तर "काय गोड मुलगी आहे!" म्हणून त्याचा गालगुच्चा घेतला आणि थेट लग्नापर्यंतचे आशीर्वाद देऊन टाकले. ती सगळ्यांना एकच उत्तर देई, "बाबा कापणार आहेत." आणि "कधी?" हा पुढचा प्रश्न यायच्या आत पोराच्या कपाळावर क्लिप लावून विषय बदले.

बाबा म्हणजे तिचे वडील. दोन खुर्च्यांच्या सलूनचे मालक, कारागीर आणि झाडूवाले, सगळं एकटेच. दुकान खाली, राहायची खोली वर. आई गेल्यापासून त्यांना खालून वर जायचाही कंटाळा येई. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की तेच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहत. पोर जन्मलं तेव्हा ते दवाखान्यात आले होते. बाकीचे सगळे नाक कुणाचं आणि हनुवटी कुणाची यावरून भांडत होते. बाबांनी बाळाचं डोकं तळहातावर घेऊन मागची बाजू बघितली.

"भोवरा मधोमध आहे. हे केस पुढे छळणार," ते म्हणाले. "ह्याला पहिली कात्री माझी. दुसऱ्या कुणाकडे नेलास तर बघ, झिपरे."

झिपरी म्हणजे ती. केस कापणाऱ्याची एकुलती एक मुलगी, पण गिऱ्हाइकं आधी आणि घरचे मागून, त्यामुळे तिच्याच डोक्यावर कायम जंगल. पुढे ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न झालं, आई झाली. बाबांच्या तोंडी झिपरी राहिली ती राहिलीच.

पहिली कात्री बाबांची, हे तिनेही मनाशी धरून ठेवलं होतं. तिची अशीच झाली होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकलेली फळी, फळीवर ती, मानेत खोचलेला टॉवेल आणि समोर आरशात बाबा. गल्लीतली कितीतरी पोरं त्या फळीवर रडून मोठी झाली होती, आणि फळी त्यांच्या चड्ड्यांनी घासून गुळगुळीत झाली होती. "फळीवरचं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड," बाबा म्हणत. "हलतं, रडतं, चावतं, आणि वर गोळी मागतं."

मग आता अडलं कुठे होतं? अडलं होतं कात्रीच्या आवाजाशी.

बाबांची कात्री कधी थांबायची नाही. केसांत दोनदा, मग हवेत तीनदा, पुन्हा केसांत. हात कंगव्याकडे गेला तरी दुसऱ्या हातात ती आपली वाजतच असे. लहानपणी तिने विचारलं होतं, "बाबा, हवेत काय कापता?" बाबा आरशातून म्हणाले होते, "हवा वाढलीय फार. जरा बारीक करतो." शाळेतून आली की ती दुकानातल्या बाकावर अभ्यासाला बसे आणि त्या आवाजात तिला हटकून झोप लागे. अजूनही कुठे कात्री वाजली की तिच्या पापण्या जड होत.

तिच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते हेच. ती पोराला घेऊन दुकानात आली होती. बाबा एका कॉलेजातल्या मुलाचे केस कापत होते, आणि मधेच कात्री थांबली. बाबा आरशात बघत उभे राहिले. मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला होता, त्याला पत्ताही नव्हता. बाबांचा चेहरा मात्र असा झाला होता, जणू आरशात बसलेला हा कोण आणि आपण त्याच्या डोक्याशी काय करतोय, हे कुणीतरी सांगायची ते वाट बघतायत. मग त्यांनी खाली हातातल्या कात्रीकडे बघितलं आणि गाडी पुन्हा सुरू झाली. पुरतं मिनिटही गेलं नसेल. ती बाकावर पोराला थोपटत होती. तिचा हात तेवढा वेळ वर तसाच राहिला होता.

त्यानंतर ती बघत राहिली. बघत राहायची तिला तशीही सवय लागली होती. बाळ झाल्यापासून ती श्वास बघे, ताप बघे, शी कोणत्या रंगाची ते बघे. आता त्यात बाबांची भर पडली. कंगवा हवा असला की बाबा म्हणत, "ते दे गं, ते दातवालं." सर्कशीतला विदूषक केस कापायला आला होता ती गोष्ट त्यांनी एकाच गिऱ्हाइकाला एकाच बैठकीत दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा स्वतःच पोट धरून हसले. साबणाच्या वाटीत पावडर टाकून ब्रश फिरवत बसले. एकदा तिच्या घरून निघाले आणि थोड्या वेळाने पुन्हा दारात उभे. "म्हटलं, पोराला अजून एकदा बघावं," ते म्हणाले. तिला इतकं भरून आलं की तिने पुन्हा चहा टाकला. नंतर कपबशा विसळताना तिच्या डोक्यात आलं: पोराला बघायला आले, तर त्यांनी पोराकडे बघितलंच नाही. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

तिने फोनवर वाचलं. सुरुवातीची लक्षणं: नेहमीच्या कामात अडखळणं, शब्द न सापडणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तेच तेच सांगणं, वस्तू भलत्याच जागी ठेवणं. वाचता वाचता तिला घाम फुटला, कारण निम्मी लक्षणं तिच्यातच होती. गेल्याच आठवड्यात तिने दुधाची पिशवी कपाटात आणि चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता.

"तुला झोप नाही म्हणून होतंय ते," नवरा म्हणाला. "बाबांचं वेगळं आहे, आणि ते तुलाही माहीत आहे. म्हणूनच तू पोराला केस कापायला नेत नाहीयेस." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांच्या हातात कात्री आणि पोराचा कान. 'ने' असं मी कसं म्हणू, तूच सांग."

तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की पोराचे केस बाबांनी कापायला हवेत, आणि तेही आपण ज्याचे केस कापतोय तो कोण हे त्यांना कळतंय तोवर. नेलं तर भीती. नाही नेलं तर ती वेळ निघून जाईल, आणि गेलेली कळणारही नाही.

मग पोस्टमनचं झालं. गल्लीतला जुना पोस्टमन बाबांचं कायमचं गिऱ्हाईक. त्या दिवशी ती पोराला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. बाबांनी केस कापले, कल्ले सारखे केले, मग छोटा आरसा त्याच्या मानेमागे धरून म्हणाले, "मागचं बघून घ्या." हे म्हटलं की काम संपलं, सलूनमध्ये ह्याच्यापुढे काही नसतं. पोस्टमनने बघितलं, मान हलवली. बाबांनी कापड काढलं, झटकलं. पोस्टमन उठायला लागला, तेवढ्यात बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं आणि तेच कापड पुन्हा त्याच्या गळ्याभोवती बांधलं.

"बोला साहेब," बाबा म्हणाले. "काय करायचं? मीडियमच ना?"

आरशातून पोस्टमनने तिच्याकडे बघितलं. सलूनमधलं सगळं बोलणं आरशातूनच होतं, त्यामुळे तिथे वाढलेल्या माणसाला आरशातला चेहरा चटकन वाचता येतो. पोस्टमनच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिच्यापासून काहीतरी लपवता लपवता आता जमेना, असा तो चेहरा होता. तो खुर्चीत मागे टेकला.

"मीडियमच," तो म्हणाला. आणि कात्री वाजायला लागली.

तो बाहेर पडला तशी ती त्याच्यामागे गेली. त्याच्या डोक्यावर आता फार काही उरलं नव्हतं.

"काका, हे आधीही…?"

"अहो, चालायचंच," तो टोपी घालत म्हणाला. टोपी सैल झाली होती. "बायको म्हणते, सैन्यात भरती झालात की काय. मी म्हटलं, उन्हाळा आहे." मग तो थांबला. "तुम्हाला सांगणार होतो ताई. पण काय सांगायचं? घराघरात बातम्या पोचवण्यात आयुष्य गेलं, पण ही काही हातून देववेना."

शेजारच्या घड्याळ-दुरुस्तीवाल्या काकांनाही ठाऊक होतं. समोरच्या इस्त्रीवाल्यालाही. गल्लीनेच आपसांत ठरवल्यासारखं सगळं झाकून घेतलं होतं: बाबांनी पुन्हा बसवलं तर पुन्हा बसायचं. तिला त्यांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

बाबांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दिव्य होतं. "मला काय धाड भरलीय?" एवढ्यावर विषय संपे. शेवटी घड्याळकाकांनीच युक्ती काढली. "अरे, माझे कान तपासायचेत, सोबतीला चल," ते म्हणाले. "तुझेही दाखवून टाक. परवा मी रस्त्यात पाठीमागून हाका मारून मेलो, तुला ढिम्म ऐकू आलं नाही."

ते खरंच होतं, आणि गंमत म्हणजे एवढं बघत राहणाऱ्या तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. दुकानात बाबांना सगळं ऐकू येई. तपासणीत कळलं की ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. कित्येक वर्षं ते गिऱ्हाइकाचे ओठ आरशात वाचत होते. आरसा नसेल तिथे ते हसून वेळ मारून नेत. आणि आई गेल्यावर, वरच्या खोलीत, वेळ मारून न्यायला समोर कुणी नव्हतंच.

कानानंतर, तिने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, डॉक्टरीणबाईंनी बाकीचंही विचारायला घेतलं. "आज वार कोणता, काका?"

"सोमवार. दुकान बंद आहे म्हणजे सोमवार," बाबा ठामपणे म्हणाले. सोमवार नव्हता. इथे यायचं म्हणून दुकान बंद ठेवलं होतं.

"एक घड्याळ काढून दाखवाल? गोल, आकडे, काटे?"

"घड्याळवाला बाहेर बसलाय, त्याला सांगा. मला डोकं द्या, कापून दाखवतो."

डॉक्टरीणबाई हसल्या, तीही हसली. मग बाबांनी काढलेला कागद समोर आला आणि हसू तिथेच राहिलं. सगळे आकडे गोलाच्या एकाच बाजूला दाटीने बसले होते, कुणीतरी घड्याळाचा कडेने भांग पाडावा तसे. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द बाईंनी पुन्हा विचारले. बाबांना ते आठवेनात. आठवेना की ते समोरच्या भिंतीकडे बघत. तिथे आरसा नव्हता.

बाबांना घड्याळकाकांपाशी बसवून ती परत आत गेली. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं, क्लिप सुटून केस तिच्या मानेला टोचत होते.

"गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही आणि संध्याकाळी जिना चढताना आठवलं, तर तो वयाचा विसर," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आपण केस आत्ता कापले हेच पुसलं जाणं, हे तसं नाही. काही तपासण्या करू, पण मला वाटतं ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. सुरुवात आहे, हेही लक्षात घ्या."

"कशामुळे झालं?"

"अमुक एकामुळे असं बोट ठेवता येत नाही. वय आहे. रक्तदाब आहे, आणि गोळ्या ते मनाला येईल तेव्हा घेतात. इतकी वर्षं कमी ऐकू येणं आहे. एकटेपणा आहे. हे सगळं भर घालत जातं."

"कानाचं मशीन लावलं की…" तिला वाक्य पुरं करवेना.

"ऐकू येईल. माणसांत राहतील. त्याचा फायदा आहेच. पण गेलेलं सगळं परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही." बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही स्वतःसाठी पण काहीतरी विचारणार होतात."

"मला होईल का?"

"वडिलांना झालं म्हणून मुलीला होतंच, असं नाही. रक्तदाब, साखर, झोप, कान, चालणं-फिरणं, चार माणसांत असणं, एवढं आपल्या हातात असतं. तेवढं सांभाळा. आणि झोपा जरा."

जाता जाता तिने विचारलं, "काम करू द्यायचं त्यांना?"

"जरूर. कुणीतरी जवळ असलं पाहिजे, एवढंच. हातांची सवय बरीच उशिरापर्यंत साथ देते. वस्तरा मात्र काढून घ्या."

"आणि कात्री?"

बाईंनी तिच्या खांद्यावरच्या झिंज्यांकडे बघितलं. "ते तुम्ही ठरवा. तुमच्याइतकं मी त्यांना बघितलेलं नाही."

मशीन आलं त्या दिवशी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनेच ते त्यांच्या कानात बसवलं. बाबांनी आधी नाक मुरडलं, मग सवयीने कात्री उचलली, हवेत चालवली, आणि एकदम थांबले.

"ही एवढी वाजते?"

"पहिल्यापासून."

"मला वाटलं धार गेली. म्हणून गप्प झालीय." त्यांनी पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली. "तुझी आई म्हणायची, कात्री वर ऐकू येते. बंद झाली की ती ताटं घ्यायची. मी हात धुऊन वर जाईस्तोवर वाढलेलं असायचं." ते छताकडे बघत उभे राहिले. कात्री वाजत होती. बराच वेळ ती थांबवायला ते तयार होईनात.

तिला वस्तऱ्याबद्दल बोलायचं होतं. घरून निघताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही तोंडातून फुटेना. बाबांनीच खण उघडला, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवलं.

"घेऊन जा हा."

"बाबा…"

"पोस्टमनच्या मानेवर टेकवला होता. आणि पुढे काय करायचं ते सुचेना." ते आरशातून तिच्याशी बोलत होते. "त्याला नाही कळलं. मला कळलं."

तिने टॉवेल छातीशी धरला. बाबा खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या.

"पोराला केस कापायला आणत नाहीस ते म्हणूनच ना?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण आरशात बाबांसमोर तिला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "भीती वाटते."

"मलाही," बाबा म्हणाले. "सकाळी आण त्याला. सकाळी मी बरा असतो."

फळी सापडेना. बाबा म्हणाले वर आहे, वर नव्हती. म्हणाले जिन्याखाली, तिथे रिकाम्या बाटल्या. शेवटी घड्याळकाका कानकोंडे होऊन म्हणाले, "अरे, तूच तर दिलीस मला. आता पोरं येत नाहीत म्हणालास." त्यांनी भिंतीवरून गजराची घड्याळं एक एक करून उतरवली आणि खालची फळी काढून आणली. बाबांनी ती शर्टाच्या बाहीने पुसली. फळीच्या कडेवर झिपरीच्या लहानपणच्या दातांच्या खुणा होत्या. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला.

ठरलेल्या सकाळी नवरा दुकानाच्या दारापर्यंत आला. "मी बाहेर थांबतो. मला नाही बघवणार," म्हणाला, आणि काचेतून सगळं दिसेल अशाच जागी जाऊन उभा राहिला.

"या साहेब," बाबांनी पोराला उचलून फळीवर बसवलं. "काय करायचं? मीडियम?"

"मीडम," पोर म्हणालं.

मानेत टॉवेल खोचला गेला. कापड बांधलं गेलं. पोराने आरशात स्वतःला फक्त डोकं उरलेलं बघितलं आणि ओठ काढला. ती पुढे सरकली, दोन्ही हात पसरून, कुणी बॉल टाकणार असल्यासारखी.

"लांब हो, झिपरे. सावली पाडतेस."

"मी फक्त त्याला धरते, बाबा. त्याने डोकं हलवलं तर…"

"ती सगळी हलतात. मला माहीत असतं ती कधी हलणार." बाबांनी वळून, आरशातून नव्हे, सरळ तिच्याकडे बघितलं. "बाकावर बस."

तिला वाटलं, पोराला आत्ता उचलावं आणि पळत सुटावं. मोटारीच्या खुर्चीत न्यावं, स्टिअरिंग फिरवू द्यावं, काय बिघडलं? ती एक पाऊल मागे गेली. मग दुसरं. बाक पायाला लागला तशी बसली.

कात्री सुरू झाली. केसांत दोनदा, हवेत तीनदा. बाबांची दोन बोटं पोराच्या कानावर अलगद आडवी येऊन बसली आणि कात्री त्या बोटांच्या बाहेरून फिरली. पोर मान वळवायच्या आधी कात्री वर गेलेली असे. कापडावर मऊ केस पडत होते, पोटात असल्यापासूनचे ते केस, आणि तिला ते गोळा करायचे होते, पण ती हलली नाही. उजवी बाजू झाली. पोराचा कान दिसायला लागला. केवढासा होता तो.

आणि कात्री थांबली.

बाबा आरशात बघत होते. फळीवर एक मूल, अर्धं कापलेलं. बाबांच्या चेहऱ्यावर ते जुनं वाट बघणं उतरलं होतं. कात्रीचं टोक पोराच्या डाव्या कानाच्या वर, हवेत. काचेबाहेर नवऱ्याने दाराला हात लावला. तिने आरशातून त्याला नाही म्हणून मान हलवली. ती सगळं बळ एकवटून बसून राहिली. उठली असती तर आरशात एकदम काहीतरी हललं असतं, आणि त्या हाताने काय केलं असतं कुणास ठाऊक.

पोराला हा खेळ मधेच का थांबला ते कळेना. त्याने डोळे वर करून आरशातल्या माणसाला फर्मावलं, "आजोबा, वाजव."

बाबांनी ऐकलं. कानातल्या मशीनमधून असेल, नाहीतर आरशातल्या ओठांवरून. त्यांनी हातातल्या कात्रीकडे बघितलं आणि ती हवेत वाजवली. एकदा. दोनदा. पोर खिदळलं. "हवा वाढलीय रे फार," बाबा म्हणाले, आणि कात्री डाव्या बाजूच्या केसांत शिरली.

पुढचं सगळं सरळ झालं. समोरची झालर, भोवऱ्याचा हट्टी झुबका, मानेवरची लव. बाबांनी ब्रशने मान झटकली, छोटा आरसा मागे धरला. "मागचं बघून घ्या साहेब." साहेबांनी आरसाच चाटला. घड्याळकाकांनी दारातून टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने आत येऊन पोराचं नवं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिच्याकडे बघून हसला.

बाबांनी कापड काढलं. झटकलं. पोराचे केस जमिनीवर पडले. मग ते तसेच, कापड हातात घेऊन, पुन्हा पोराकडे वळले.

"बोला साहेब," ते म्हणाले. "काय करायचं? मीडियम?"

घड्याळकाका जमिनीकडे बघायला लागले. ती उठली, पोराला फळीवरून उचलून नवऱ्याच्या कडेवर दिलं आणि स्वतः खुर्चीपाशी आली. तिने अंबाडा सोडला. कॉलेजात गेल्यापासून तिने बाबांकडे केस कापून घेतले नव्हते. मैत्रिणी हसायच्या म्हणून. केस पाठीवर उतरले.

"मीडियम," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग फळीकडे. बराच वेळ बघितलं. मग फळी उचलून भिंतीशी उभी केली.

"फळी नको आता तुला," ते म्हणाले. "बस. सरळ बस, झिपरे."

ती बसली. मानेत टॉवेल आला, त्यांच्या बोटांचा गारवा आला, साबणाचा वास आला. कात्री वाजू लागली, केसांत दोनदा, हवेत तीनदा, आणि तिच्या पापण्या जड झाल्या. तिने त्या मिटू दिल्या नाहीत. आरशात बाबा होते. जीभ दातांत धरून कापत होते, तिच्या लहानपणी कापत तसेच. एकदा आवाज थांबला. ती आरशात बघत राहिली. तो आपणहून सुरू झाला.

शेवटी त्यांनी छोटा आरसा तिच्या मानेमागे धरला. "मागचं बघून घे."

तिने बघितलं. केस खांद्याच्याही वर आले होते. बाबा उत्तराची वाट बघत होते, तिच्या गळ्यातलं कापड सोडायच्या बेतात.

"अजून थोडे, बाबा," ती म्हणाली. "अजून जरा बारीक करा."